रहीमसाहेबांचा संघ

तुमचे तीन प्रश्न आहेत. बूट नव्हते म्हणून 1950 च्या फुटबॉल वर्ल्ड कपला आपला संघ गेला नाही, हे खरं का? आपण खरोखर आशियात अव्वल होतो का, आणि होतो तर घसरलो कशाने? आणि तुमचा चौदा वर्षांचा मुलगा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळतो, त्याला आपल्या जुन्या खेळाडूंपैकी कोणाबद्दल सांगावं?

मी कोल्हापुरात पेठेच्या संघातून बारा वर्षं हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो आणि गेली सव्वीस वर्षं पोरांना शिकवतोय. हे तिन्ही प्रश्न दर हंगामात कोणी ना कोणी विचारतंच, आणि पहिल्या प्रश्नाची गोष्ट बहुतेकांना चुकीचीच ठाऊक असते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

1950 च्या ब्राझील वर्ल्ड कपसाठी भारत पात्र ठरला होता, पण एकही सामना न खेळता. आपल्या गटातले बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हे तिघेही पात्रता फेरीतून बाहेर पडले आणि जागा आपल्याकडे आली. सोडतीत स्वीडन, इटली आणि पराग्वे यांच्याबरोबर नावही निघालं. मग भारतीय फुटबॉल महासंघाने संघ पाठवायचा नाही असं ठरवलं. तेव्हा दिलेली कारणं दोन: सरावाला वेळ कमी आहे आणि संघनिवडीवरून मतभेद आहेत. बुटांचा उल्लेख त्यात नव्हता. यजमान बऱ्याच खर्चाचा भार उचलायला तयार होते, त्यामुळे निव्वळ पैशांची अडचण म्हणावी तर तेही पटत नाही. मला पटणारं कारण वेगळं आहे. त्या काळात आपल्याकडे सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ऑलिंपिक. वर्ल्ड कप म्हणजे काय हे खेळणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांनाही नीटसं कळलेलं नव्हतं. त्या संघाचे शैलेन मन्ना यांनी पुढे बुटांची गोष्ट खरी नसल्याचं सांगितलं होतं.

अनवाणी खेळायचे हे मात्र खरं. 31 जुलै 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये इल्फर्डच्या मैदानावर आपण फ्रान्सशी खेळलो तेव्हा अकरापैकी आठ जण अनवाणी होते. कर्णधार तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतले, कलकत्त्यात डॉक्टरीचं शिक्षण घेत खेळणारे. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला तो पहिला फुटबॉल सामना. फ्रान्सने तिसाव्या मिनिटाला गोल केला, सारंगपाणी रमण यांनी सत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली आणि 89 व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल मारला. त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या. दोन पेनल्टी! हा सामना सांगताना लोक अनवाणी पायांचं कौतुक करतात. मला त्या दोन पेनल्टी आठवतात, कारण त्यातली एक जरी आत गेली असती तर निकाल बदलला असता.

अनवाणी खेळण्यात काय मिळतं आणि काय जातं हे मी जवळून पाहिलंय. जूनमध्ये गांधी मैदानावर चिखल झाला की पोरं बूट काढून ठेवतात. अनवाणी पायाला चेंडू चांगला कळतो, पायाच्या आतल्या बाजूने दिलेला छोटा पास फार गोड जातो. पण त्याच चिखलात भिजून जड झालेला चेंडू लांब मारायचा झाला की अंगठ्याजवळ कळ येते, आणि पुढच्या वेळी पोरगं जोर धरतच नाही. टॅकलला जाताना पाय आपोआप आखडतो. हेलसिंकीत 1952 ला तेच झालं. थंडी, ओलं मैदान, समोर युगोस्लाव्हियाचे धिप्पाड खेळाडू आणि आपले बरेच जण बिनबुटाचे. 10-1 ने हरलो. आपला एकुलता एक गोल अहमद खान यांचा, ज्यांचं ड्रिब्लिंग बघायला कलकत्त्यात लोक रांगा लावत. त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे बुटांचा खरा किस्सा 1950 चा नाही, 1952 चा आहे.

आता दुसरा प्रश्न. हो, अव्वल होतो. 1951 ला दिल्लीच्या पहिल्या एशियाडमध्ये इंडोनेशियाला 3-0, अफगाणिस्तानला 3-0 आणि अंतिम सामन्यात इराणला 1-0 हरवून सुवर्ण घेतलं. कर्णधार मन्ना, अंतिम सामन्यातला गोल साहू मेवालाल यांचा. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. 1962 ला जकार्ता एशियाडमध्ये पुन्हा सुवर्ण. या तिन्ही ठिकाणी बाकावर एकच माणूस होता, सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. 1943 पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव, मग हैदराबाद सिटी पोलीसचे प्रशिक्षक. त्यांच्या पोलीस संघाने मुंबईत कूपरेजवर 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. बाहेरगावच्या संघाने मुंबईत येऊन पाच वर्षं हे करावं, यावरून त्या माणसाच्या कामाचा अंदाज यावा.

त्यांच्या एका गोष्टीवर मी जरा थांबणार आहे, कारण ती मी स्वतः उचलली आहे. रहीमसाहेब हैदराबादेत अशा स्पर्धा भरवायचे जिथे ड्रिबल करायला मनाई असे, किंवा फक्त कमकुवत पायानेच खेळायचं असे. आपल्या खेळाडूला पायात चेंडू खेळवत राहण्याची आवड फार. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, तोही खूश. पण तेवढ्यात समोरची बचावफळी जागेवर येऊन उभी राहते. ड्रिबलच बंद केलं की पोराला चेंडू यायच्या आधी मान वर करून बघावं लागतं: कोण मोकळा आहे, कुठे जागा आहे. मी दर पावसाळ्यात चौदाखालच्या मुलांना एक आठवडा फक्त डाव्या पायाने खेळवतो. पहिले दोन दिवस रडारड असते. तिसऱ्या दिवसापासून पास दोन-तीन पावलं आधी सुटायला लागतो. चौथ्या दिवशी कोणी तरी डाव्या पायाने गोल मारतं आणि मग सगळ्यांनाच मारायचा असतो. साधा उपाय आहे, पण सत्तर वर्षांपूर्वी तो कुणाला सुचला आणि त्याने तो राष्ट्रीय संघापर्यंत नेला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मेलबर्नचा संघ याच तयारीतून आला. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे पुढे चाल मिळाली. 1 डिसेंबर 1956 ला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली आणि आपण 4-2 जिंकलो. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे: नवव्या, तेहेतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला. दोनदा आपण पुढे गेलो, दोनदा त्यांनी बरोबरी केली आणि तिसऱ्यांदा नेव्हिलने त्यांना पुन्हा मागे टाकलं. चौथा गोल किट्टू कृष्णस्वामी यांचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. मुंबईच्या कितीतरी मैदानांवर आज मुलं खेळतात आणि त्यांना हे नाव माहीत नसतं, हे मला लागतं. क्रिकेटमध्ये असं काही कुणी केलं असतं तर त्याच्या नावाचा रस्ता कुठे आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया, 10-1 वालेच. या वेळी 52 व्या मिनिटाला नेव्हिलने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ती दोनच मिनिटं टिकली आणि शेवटी आपण 4-1 हरलो, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून 3-0. पण चार वर्षांत आपण कुठून कुठे आलो होतो ते बघा. नेव्हिलचे एकूण चार गोल झाले, त्या ऑलिंपिकमध्ये कुणाचेही त्यापेक्षा जास्त नव्हते. कर्णधार समर 'बद्रू' बॅनर्जी होते.

1960 च्या रोमला पी. के. बॅनर्जी कर्णधार. गट अवघड होता. हंगेरीशी 2-1 हरलो, त्यात बलराम यांचा गोल. फ्रान्सशी 1-1 बरोबरी, गोल पीकेंचा. पेरूकडून 3-1 हरलो आणि बाद झालो. ते आपलं फुटबॉलमधलं शेवटचं ऑलिंपिक. त्यानंतर आजवर पुरुष संघ एकदाही पात्र ठरलेला नाही.

पीके, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम हे त्रिकूट म्हणजे आपल्या आघाडीची आजवरची सर्वोत्तम फळी. पीके उजवीकडून सुसाट जायचे आणि कोनातून जोरदार फटका मारायचे. चुनी आतल्या बाजूने येऊन बचावपटूला अंगावर घ्यायचे आणि एका झुकांडीत मोकळे व्हायचे. बलराम सिकंदराबादचे, रहीमसाहेबांनीच हेरलेले, तिघांत सगळ्यात शहाणा खेळ त्यांचा. चुनी क्रिकेटही तेवढंच मन लावून खेळले. 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचं नेतृत्व त्यांनीच केलं. पीके आणि चुनी 2020 मध्ये सव्वा महिन्याच्या अंतराने गेले, बलराम 2023 मध्ये.

मग घसरलो कशाने? लोक क्रिकेटला दोष देतात. मी तो देत नाही, कारण कोल्हापुरात, गोव्यात, केरळात, बंगालात आणि मणिपुरात मैदानं तेव्हाही भरत होती, आजही भरतात. माझ्या मते पहिलं कारण म्हणजे रहीमसाहेबांच्या मागे त्यांचं काम पुढे नेणारी व्यवस्थाच नव्हती. 11 जून 1963 ला ते कर्करोगाने गेले. त्यांच्याकडे जे होतं ते त्यांच्या वहीत आणि डोक्यात होतं.

दुसरं कारण सामन्याच्या वेळेचं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या स्पर्धांत सामने बराच काळ 70 मिनिटांचे असायचे. बाहेर 90 मिनिटं खेळावं लागायचं. ती वीस मिनिटं शेवटची असतात, पाय जड झालेले असतात, आणि वर्षभर ज्याने ती खेळलेलीच नाहीत त्याला शिबिरातल्या एक-दोन महिन्यांत ती कुठून यावीत? शिवाय आपला सगळा हंगाम ड्युरँड, रोव्हर्स, आयएफए शील्ड अशा बाद पद्धतीच्या चषकांभोवती फिरायचा. राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू व्हायला 1996 साल उजाडलं. तोवर जपानने 1960 मध्येच जर्मनीहून डेटमार क्रामर यांना आणून 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं होतं, दक्षिण कोरियाने 1983 मध्ये व्यावसायिक लीग सुरू केली होती. जकार्तात आपण या दोघांनाही हरवलं होतं.

घसरण एका दिवसात झाली नाही. 1964 च्या आशियाई चषकात आपण उपविजेते होतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे चारच संघ होते. 1970 च्या बँकॉक एशियाडमध्ये जपानला 1-0 हरवून कांस्य मिळालं, कर्णधार सय्यद नईमुद्दीन. एशियाडमधलं आपलं ते शेवटचं फुटबॉल पदक. 1974 ला आपल्या युवा संघाने इराणबरोबर आशियाई विजेतेपद वाटून घेतलं. त्यानंतर 1984 चा आशियाई चषक सोडला तर सांगण्यासारखं थोडंच आहे.

त्या पडत्या काळात संघाला धरून ठेवणाऱ्यांत गोवेकर मोठे. 1961 ला गोवा मुक्त झाला आणि साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांमधून खेळाडू येत गेले. ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी ऐंशीच्या दशकात गोलमध्ये उभं राहून भारताचं नेतृत्व केलं. माझ्या मते उंच चेंडूवर झेप घेण्यात त्यांच्या तोडीचा भारतीय गोलकीपर विरळा. पुढे ब्रुनो कुतिन्हो कर्णधार झाला. 2008 ला एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटी क्लायमॅक्स लॉरेन्सने गोल मारला नसता तर पुढची गोष्ट घडली नसती. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला 4-1 हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि 27 वर्षांची पोकळी भरून आपण 2011 च्या आशियाई चषकाला पोहोचलो. तिथे ऑस्ट्रेलिया, बहरीन आणि दक्षिण कोरिया या तिघांकडूनही हरलो.

छेत्रीबद्दल तुमच्या मुलाला माहीत असणारच. 12 जून 2005 ला क्वेट्टा इथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पण आणि त्याच सामन्यात गोल. 2024 च्या जूनमध्ये निवृत्त झाला तेव्हा 94 गोल होते. मला त्याचा अंधेरीतला आठवडा सगळ्यात जवळचा. 1 जून 2018 ला मुंबई फुटबॉल अरेनात चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, त्याची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेऱ्यासमोर हात जोडून लोकांना मैदानात येण्याची विनंती केली. 4 तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. पावसात स्टेडियम गच्च भरलं आणि त्याने दोन गोल केले. मी आठ पोरांना घेऊन कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. परतताना आठही जणांचा आवाज बसला होता. तेव्हा बारा वर्षांचा असलेला एक मुलगा आज जिल्हा संघात खेळतो.

त्यानंतरचं चित्र उत्साह वाढवणारं नाही. 2019 च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 हरवलं, त्याच वर्षी दोह्यात आशियाई विजेत्या कतारला 0-0 वर रोखलं, गुरप्रीतसिंग संधू त्या दिवशी भिंतीसारखा उभा होता. पण जानेवारी 2024 मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. 2027 च्या चषकाची पात्रताही हुकली. निर्णायक पराभव ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावात झाला, सिंगापूरकडून 2-1, आपल्याच लोकांसमोर. गोल करणारा दुसरा माणूस आपण तयार केला नाही, आणि चाळिशीला आलेल्या छेत्रीला परत बोलवावं लागलं, यातच दुखणं कुठे आहे ते दिसतं.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. 1962 चं जकार्ता मी त्याच्यासाठी मागे ठेवलं होतं. त्याला जर्नेलसिंगबद्दल सांगा.

जर्नेलसिंग पंजाबचे, फाळणीत घरदार सोडून आलेल्या कुटुंबातले, पुढे कलकत्त्यात मोहन बागानचे स्टॉपर. उंच, कडक टॅकल, हेडर तर विचारूच नका. जकार्तात पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून 2-0 हरलो. थायलंडविरुद्ध 4-1 जिंकलो, पण त्यात जर्नेलसिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. त्यांच्याशिवाय जपानला 2-0 हरवलं. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता.

रहीमसाहेबांनी तेव्हा जो निर्णय घेतला तो मी प्रशिक्षक म्हणून कितीदा तरी मनात घोळवलाय. डोक्याला टाके पडलेला स्टॉपर. त्याला मागे ठेवलं तर प्रत्येक उंच चेंडूला धोका, आणि तिथे एक चूक म्हणजे गोल. बसवावं तर संघाचा सगळ्यात दणकट माणूस बाकावर. त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. मागची जबाबदारी अरुण घोष यांच्यावर टाकली आणि जर्नेलसिंग यांना प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर उभं केलं. कॉलेजच्या दिवसांत ते पुढे खेळलेले होते, हे रहीमसाहेबांना ठाऊक होतं. उपांत्य सामना 3-2 ने जिंकला, चुनींचे दोन आणि एक जर्नेलसिंग यांचा.

4 सप्टेंबर 1962, अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. सेनायन स्टेडियमवर लाखभर लोक आणि सगळे भारताविरुद्ध. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला होता, त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता, आणि त्याचा राग जमावाने आपल्या वकिलातीवर काढला होता. आपल्या खेळाडूच्या पायात चेंडू आला की स्टेडियम हुर्यो करायचं. गोलकीपर पीटर थंगराज तापातून उठलेले, त्रिलोकसिंग यांचा पाय दुखावलेला, जर्नेलसिंग यांचं डोकं शिवलेलं, आणि प्रशिक्षक स्वतः कर्करोगाने पोखरलेले. बदली खेळाडू घ्यायची सोय त्या काळी नव्हती. एकदा उतरले की नव्वद मिनिटं तेच अकरा.

सतराव्या मिनिटाला पीकेंनी गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी दुसरा. पुढची सत्तर मिनिटं सांभाळायची होती. मधल्या फळीत प्रशांत सिन्हांच्या जोडीला फोर्तुनातो फ्रँको होते, गोव्यातल्या कोलवाळचे, लहानपणी मुंबईत आलेले, टाटांचे. कोरियाला एक गोल मिळाला तोही शेवटच्या पाच-सहा मिनिटांत. 2-1, सुवर्ण. फ्रँको 2021 च्या मे महिन्यात गेले, कोविडच्या लाटेत ती बातमी कुठच्या कुठे विरून गेली.

मुलाला हे सांगताना गोल सांगाच, पण त्याआधी हे विचारा: तुझ्या सरांनी उद्या तुला स्टॉपरवरून उचलून पुढे टाकलं तर पहिल्या पाच मिनिटांत तू काय करशील? माझ्याकडची पोरं बहुतेक वेळा म्हणतात, गोल मारायचा प्रयत्न करीन. मग मी त्यांना समोरच्या स्टॉपरच्या शेजारी नेऊन उभं करतो आणि विचारतो, तू त्याच्या जागी असतास तर तुला काय नको वाटलं असतं? त्यावर मात्र स्टॉपर पोरगं चुकत नाही. पाठीमागून कोणी धावत आलेलं नको, हेडरच्या आधी कोणी खांद्याला खांदा लावलेला नको, दोघांच्या मधल्या जागेत कोणी उभं राहिलेलं नको. ते सगळं त्याने जाऊन करायचं. तुमच्या मुलाला शनिवारच्या सरावात अर्धा तास सेंटर फॉरवर्ड खेळायला मिळतंय का, ते त्याच्या सरांना विचारून बघा.